‘पिक अप’ कसं शिकावं: यादी बाजूला ठेवून

गावात कोणालाही ‘पिकअप’ म्हणजे काय विचारा, कापूस भरून हिंगणघाटच्या मार्केटकडे निघालेली गाडी दाखवतील. फटफटी जुनी झाली की ‘आता तिला पिकअप राहिला नाही’ हेही सगळे म्हणतात. तरी हाच शब्द इंग्रजी वाक्यात आला की पोट्टे गाइड उघडतात. तिथे छापलेलं असतं ‘पिक अप – उचलणे’. मग ‘ट्रेड पिक्ट अप आफ्टर पोळा’ याचं भाषांतर होतं ‘पोळ्यानंतर व्यापार उचलला’. कोणी उचलला आणि कुठे नेला, बाप्पालाच माहीत.

याच्या उलट टोकाला भिंतीवर अर्थांची लांबलचक यादी लावून ‘पाठ करा’ म्हणणारे असतात. तेही कामाचं नाही. यादीतला नेमका कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यातल्या बाकीच्या शब्दांवरून ठरतं, आणि यादीत ते बाकीचे शब्दच नसतात.

पायरी १. वहीत सुटा अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा.

पायरी २. ‘पिक अप’च्या पुढे कर्म आहे का ते पाहा. कर्म नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी आपोआप वाढतंय किंवा सुधारतंय. ‘द विंड पिक्ट अप’ म्हणजे वाऱ्याने जोर धरला. इथे ‘इन्क्रीज्ड’ किंवा ‘स्ट्रेंग्थन्ड’ बसतं. ‘सेल्स आर पिकिंग अप’ म्हणजे विक्री सुधारते आहे, इथे ‘इम्प्रूव्हिंग’. आपल्याकडे भावाने उचल खाल्ली म्हणतात, तेच हे. अपवाद फोनचा. ‘नोबडी पिक्ट अप’मध्ये कर्म दिसत नाही, पण ते लपलेलं असतं: फोन कोणी उचलला नाही.

पायरी ३. कर्म असेल तर ते काय आहे ते पाहा. माणूस असेल तर त्याला घ्यायला जाणं किंवा वाटेत गाडीत घेणं. काळीपिवळी फाट्यावर सवाऱ्या घेते ते ‘पिक अप’च. पोरीला शाळेतून आणायचं असेल तर ‘कलेक्ट’ हा त्याचा समानार्थी, पण सवाऱ्यांसाठी ‘टेक ऑन’ जास्त शोभतं. फोन असेल तर ‘आन्सर’. भाषा किंवा सवय असेल तर ‘लर्न’: ‘शी पिक्ट अप गोंडी फ्रॉम हर नेबर्स’, म्हणजे वर्गात न बसता, कानावर पडून शिकली. सर्दी असेल तर ‘कॅच’. रेडिओचा किंवा मोबाइलचा सिग्नल असेल तर ‘रिसीव्ह’. दुकानातून येताना साखर आणायची असेल तर ‘बाय’ किंवा ‘गेट’. हॉटेलचं बिल असेल तर ‘पे’. पोलिसांनी कोणाला उचललं तर ‘डिटेन’ किंवा ‘अरेस्ट’, आणि इथे मराठी नि इंग्रजी शब्दाला शब्द जुळतात.

पण या जुळण्यावर फार विसंबू नका. मराठीत आवाज उचलतो, हात उचलतो, मुद्दाही उचलतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘रेझ’ लागतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, मालकाकडून उचल घेतो, ते ‘टेक ॲन ॲडव्हान्स’. ‘ही पिक्ट अप मनी’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल रस्त्यात पडलेले पैसे सापडले. आणि कापूस वेचणं म्हणजे नुसतं ‘पिक’. ‘अप’ लावलात तर बोंडातला नाही, खाली सांडलेला कापूस गोळा केल्यासारखा होतो.

पायरी ४. खरी अडचण इथे आहे. मीही इथेच सगळ्यात जास्त अडकलो आणि शिकवतानाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. प्रश्न असा की कर्म कुठे ठेवायचं?

‘पिक अप द बॅग’ बरोबर आहे. ‘पिक द बॅग अप’ हेही बरोबर आहे. बहुतेक गाइडं इथेच थांबतात आणि ‘दोन्ही चालतं’ असा निकाल देतात. त्यांच्या उदाहरणांत नेहमी बॅग, बॉक्स, बुक अशी नामंच असतात, म्हणून तो निकाल खरा वाटतो. बॅगच्या जागी ‘इट’ ठेवून बघा. ‘पिक इट अप’ बरोबर. ‘पिक अप इट’ चूक. ‘बोलीभाषेत चालतं’, ‘घाईत चालतं’ असली सवलत कोणी देऊ लागलं तर घेऊ नका. मी, हिम, हर, इट, अस, देम यांपैकी काहीही आलं की ते ‘पिक’ आणि ‘अप’च्या मधेच बसतं. ‘पिक हिम अप ॲट द स्टँड.’ ‘आय विल पिक देम अप.’

पोट्टे हमखास विचारतात, ‘काहून सर? बॅग मागे चालते तं इट काहून नाही?’ यावर ‘नियम आहे’ म्हणून गप्प बसवू नका, कारण सांगता येतं. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे जाते. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली, हलकी गोष्ट; शेवटची जागा तिची नव्हे. म्हणून जोर ‘अप’वर पडतो. मोठ्याने म्हणा: ‘पिक इट अऽप’. उलट कर्म लांबलचक असेल तर ते मागेच ठेवा: ‘पिक अप द बॅग दॅट युवर अंकल लेफ्ट ॲट द शॉप’. एवढं सगळं मधे कोंबलंत तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा वाक्याची सुरुवात विसरलेला असतो.

अजून एक खड्डा. ‘पिक अप ऑन’ हे वेगळं क्रियापद आहे. अर्थ ‘नोटिस’, न सांगता लक्षात येणं. त्यात ‘इट’ शेवटीच जातं: ‘शी पिक्ट अप ऑन इट’. वरचा नियम पक्का झालेली हुशार पोरंच इथे पडतात, म्हणून हे त्याच दिवशी शिकवू नका. चार-आठ दिवस जाऊ द्या.

सराव लिहून होत नाही. समोर वस्तू ठेवा. एकाने ‘द पेन?’ विचारायचं, दुसऱ्याने उचलता उचलता ‘आय ॲम पिकिंग इट अप’ म्हणायचं. दोन पेन असले तर ‘देम’. शेजारचा चिडेपर्यंत करा.

पायरी ५. समानार्थी शब्द अख्ख्या वाक्यात घालून तपासा. ‘ॲक्वायर’ हा ‘लर्न’च्या बाजूचा शब्द, म्हणून ‘आय ॲक्वायर्ड अ कोल्ड’ लिहाल तर हसं होईल. बोलताना ‘कॅच’, दवाखान्याच्या कागदावर ‘कॉन्ट्रॅक्ट’. ‘लिफ्ट’पासून सावध राहा. ‘ही डिड नॉट लिफ्ट द फोन’ आपल्या देशात सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाला वाटेल फोन फार जड होता. तिथे ‘आन्सर’ घाला किंवा सरळ ‘पिक अप’च राहू द्या. अर्जात मात्र ‘पिक अप’ टाळा. ‘टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) पिक अप करण्यासाठी येईन’ यापेक्षा ‘कलेक्ट’ बरं दिसतं.

पायरी ६. उच्चार. भूतकाळी ‘पिकेड’ नाही, ‘पिक्ट’. भरभर बोलताना ‘पिक्टप’ असं एकच ऐकू येतं. गाडीच्या ‘पिकअप’मध्ये जोर ‘पिक’वर पडतो.