घरातली छोटी तिजोरी: आधी जखडावी, मग झाकावी

घरगुती वापरासाठी बाजारात मिळणाऱ्या छोट्या तिजोरीचे वजन बहुधा आठ ते पंधरा किलोच्या दरम्यान असते, म्हणजे पाण्याने भरलेल्या घागरीइतके. आमच्या एका नातेवाइकांनी अशी तिजोरी विकत घेऊन ती झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात, साड्यांच्या थप्पीमागे ठेवली होती. लग्नसराईत घर दोन दिवस कुलूपबंद राहिले, तेव्हा चोरट्यांनी ती उघडण्याचा प्रयत्नही केला नाही. पलंगावरच्या चादरीत गुंडाळून त्यांनी ती सरळ उचलून नेली आणि चार दिवसांनी शिवारातल्या एका बांधाजवळ, पाठीचा पत्रा कापलेली, रिकामी तिजोरी सापडली. कपाटाच्या फळीवर तिच्या चार रबरी पायांचे ठसे तेवढे राहिले होते. तिजोरीसोबत मिळालेल्या बोल्टांची प्लास्टिकची पिशवी त्याच कपाटाच्या खणात न फोडलेल्या अवस्थेत पडून होती.

म्हणूनच तिजोरी लपवण्याचा विचार दुसरा आणि ती घराला जखडण्याचा विचार पहिला, असा क्रम मी इथे धरला आहे.

सुरुवातीला घरात काय ठेवायचे हे ठरवावे. वर्षातून एकदा-दोनदा अंगावर चढणारे जड दागिने बँकेच्या लॉकरमध्येच राहू द्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. मात्र बँक तालुक्याच्या गावी आणि आपण वीस किलोमीटरवर, अशी परिस्थिती असणाऱ्या कुटुंबांना नेहमीचे दागिने, खरेदीखत, मुलांची प्रमाणपत्रे आणि थोडी रोख घरात ठेवावीच लागते. तेवढ्यासाठीच ही तिजोरी आहे. सोयाबीन किंवा कापूस विकून पट्टी झाल्यावर आलेली मोठी रक्कम त्यात आठवडेच्या आठवडे ठेवू नये.

खरेदी करताना चार गोष्टी हाताने तपासाव्यात. तळाला किंवा पाठीला बोल्टसाठी भोके असावीत; दाराचा पत्रा अंगाच्या पत्र्यापेक्षा स्पष्टपणे जाड असावा; दाराचे दांडे मोटरने सरकणारे असल्यास उत्तम; आणि बॅटरी उतरली तरी दार उघडणारी आणीबाणीची किल्ली सोबत असावी. खरेदीखताचा कागद सुमारे ३६ सेंटीमीटर लांब असतो, त्यामुळे तो घडी न घालता आडवा बसेल एवढी आतली जागा आहे का, हेही दुकानातच पट्टीने मोजून घ्यावे.

जागा कशी निवडावी

येथे आपल्या घराची बांधणी ओळखणे फार महत्त्वाचे आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड असतात आणि त्यांत देवळ्या, कोनाडे, धान्याचे बळद असे सगळे सामावलेले असते. त्यामुळे भिंत कोरून तिजोरी आत बसवण्याचा मोह होतो. हे करू नये. बाहेरून एकसंध दिसणारी अशी भिंत पुष्कळदा दगडांचे दोन वेगळे थर आणि मधे माती-चिपांची भर एवढीच असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशाच, आरपार दगडांनी न बांधलेल्या भिंती फुटल्या आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. अशा भिंतीत नवीन पोकळी पाडणे म्हणजे दागिन्यांसाठी माणसे धोक्यात घालणे आहे. पूर्वीपासून असलेली देवळी वापरायची असल्यास ती वाढवू नये, आणि तिजोरी भिंतीतल्या मातीला बोल्टने अडकवून समाधान मानू नये, कारण तो बोल्ट पहारेच्या एका हिसक्यात बाहेर येतो.

विटांच्या घरात आतल्या भिंती बहुधा चार इंचांच्या असतात. त्याही भिंतीत बसवणाऱ्या तिजोरीसाठी निरुपयोगी आहेत. कॉलम आणि बीम यांना तर हातच लावू नये. याचा अर्थ असा की बहुतेक घरांत योग्य जागा जमिनीवर, खोलीच्या कोपऱ्यात आहे. तिजोरीच्या दोन बाजू भिंतीला इतक्या लागून असाव्यात की मधे पहारेचे टोक जाणार नाही. दार पूर्ण उघडते का, हे मात्र तिजोरी कोपऱ्यात ठेवून आधी पाहून घ्यावे, कारण भोके पाडण्याचे आणि नट आवळण्याचे काम आतूनच करायचे असते.

पश्चिमेची उन्हाने तापणारी भिंत, मोरीची किंवा ओट्याखालची ओलसर बाजू आणि रस्त्याच्या खिडकीतून दिसणारा कोपरा टाळावा.

शहाबादी फरशीखाली ठोकळा ओतणे

आपल्याकडे असंख्य घरांत शहाबादी फरशी आहे, आणि बोल्ट फसतो तो इथेच. फरशी वरून दगडासारखी टणक असली तरी तिच्याखाली बहुधा मुरूम किंवा मातीची भर असते. फरशीत मारलेला बोल्ट फरशीसकट उचलला जातो. म्हणून त्या जागेपुरता काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्यावा.

कोपऱ्यातली एक फरशी न फोडता, सांध्यातला सिमेंट छन्नीने कोरून अलगद उचलावी. खाली दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा; भिंतीचा पाया उघडा पडणार नाही एवढे अंतर गवंड्याकडून ठरवून घ्यावे. घर काळ्या मातीवर असेल तर खड्डा आणखी चार-सहा इंच खोल घेऊन तळाला मुरूम टाकून, पाणी मारून घट्ट ठोकावा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट ओतलेला ठोकळा कालांतराने कलतो.

तिजोरीच्या तळाचा ठसा प्लायवुडच्या तुकड्यावर उतरवून त्यावर भोकांच्या खुणा जशाच्या तशा पाडाव्यात आणि त्या भोकांतून खालच्या टोकाला वाकवलेले, दहा मिलिमीटर जाडीचे आटेदार बोल्ट उभे अडकवावेत. मग एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी असा माल कमी पाण्यात कालवून खड्डा भरावा, सळईने कोचून हवा काढावी, आणि बोल्टांची टोके वर राहतील अशा बेताने प्लायवुड वरून दाबून पाणसळीने सपाटी तपासावी. बोल्टांच्या आट्यांना आधीच ग्रीस लावून कापड गुंडाळले, तर सिमेंट चिकटत नाही. किमान सात दिवस गोणपाट ओले ठेवून पाणी मारावे. उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा मारावे लागते, आणि इथे केलेली घाई पुढे भरून निघत नाही.

एवढ्या मापाचा ठोकळा सुमारे दीडशे किलोचा होतो. तिजोरी त्यावर बसवून, आतून रुंद वायसर घालून नट पान्याने आवळले की ती पंधरा किलोची वस्तू राहत नाही.

स्लॅबच्या किंवा काँक्रीट कोब्याच्या घरात एवढा खटाटोप लागत नाही. तिजोरी जागेवर ठेवून भोकांतून पेन्सिलीने खुणा कराव्यात, टाइल असेल तर तेवढी जाडी ड्रिलचा हॅमर बंद ठेवून छेदावी, आणि मग बोल्टच्या सूचनेत दिलेल्या मापाच्याच बिटने भोक पाडावे. भोकातली धूळ पूर्ण काढल्याशिवाय अँकर बोल्ट ठोकू नये, कारण धुळीवर त्याची पकड बसत नाही. बिट सळईला लागल्यास जोर न करता जागा थोडी बदलावी. छुपी वायरिंग किंवा पाण्याची नळी कोठून गेली आहे, हे अर्थातच आधी विचारून घ्यावे.

झाकणे

चोरटा सर्वप्रथम झोपण्याच्या खोलीतले कपाट, गादीखालची जागा, देवघर आणि धान्याच्या कोठ्या पाहतो. याउलट जिन्याखालचा कोपरा किंवा भिंतीतल्या कपाटाचा सर्वांत खालचा, जुन्या भांड्यांचा खण यांकडे घाईत लक्ष जात नाही. कडप्प्याच्या मांडणीचा तळखण यासाठी फार उपयोगी पडतो. तिथे तिजोरीसमोर सरकणारी फळी लावून तिच्यापुढे पत्र्याचे डबे मांडले की झाले. झाकण रोज सहज हलवता येईल असेच असावे, नाहीतर घरची माणसेच कंटाळून दागिने उशीखाली ठेवू लागतात.

परंतु जागा खरोखर उघडी पडते ती बोलण्यातून. गवंड्याला खड्डा कशासाठी आहे हे सांगण्याची गरज नाही. पाण्याच्या मोटरचा किंवा गिरणीचा पाया सांगितला तरी काम होते, आणि तिजोरी बसवण्याचे काम ठोकळा वाळल्यावर घरातल्या दोघांनी दार लावून करावे. लग्नासाठी पाहुण्यांनी घर भरलेले असताना, सगळ्यांसमोर उठून दागिने काढायला त्या खोलीत जाऊ नये. ते आदल्या रात्रीच काढून ठेवावेत. मे महिन्यात सारे घर गच्चीवर झोपते, तेव्हा खालची दारे आतून आणि जिन्याचे दार वरून बंद करणे ही तिजोरीच्याच सुरक्षेची बाब समजावी. आणि कोणी शस्त्र घेऊन समोर उभा राहिलाच, तर किल्ली देऊन टाकावी, आणि तो गेल्यावर लगेच ११२ क्रमांकावर फोन करावा.

कोड, किल्ली आणि आतली व्यवस्था

कंपनीने दिलेला मूळ कोड पहिल्याच दिवशी बदलावा. जन्मतारीख, गाडीचा क्रमांक आणि मोबाइलचे शेवटचे आकडे वापरू नयेत. आणीबाणीची किल्ली तिजोरीतच ठेवण्याची चूक अनेकांकडून होते, आणि सेल उतरल्यावर ती लक्षात येते. ती किल्ली त्याच घरात न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावातल्या विश्वासू भावंडाकडे ठेवावी. सेल अल्कलाइन घ्यावेत आणि दर दिवाळीला बदलावेत.

पावसाळ्यात बंद तिजोरीत दमटपणा साठतो, चांदी काळवंडते आणि कागदांना वास लागतो. त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असे समजावे. कागद प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत असावेत आणि ठोकळ्याभोवतीच्या फटी सिमेंटने बंद कराव्यात, कारण वाळवी तेवढ्याच वाटेने वर येते.

प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन, पावती आणि हॉलमार्कवरील सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक यांची यादी करून ती तिजोरीबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत, आणि चोरीचा माल पोलिसांना सापडला तर ओळख पटवायला त्याचा मोठा आधार होतो. जुन्या दागिन्यांवर तो नसेल, तर भिंगातून दिसणारी सोनाराची खूण, झीज किंवा डाग देऊन सांधल्याची जागा लिहून ठेवावी.

शेवटचे काम तिजोरी बसवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी करावे. घरातल्या ज्या दुसऱ्या व्यक्तीला कोड सांगितला आहे, मग ती पत्नी असो, आई असो वा मोठी मुलगी, तिला समोरची फळी सरकवण्यापासून आतला कागद काढून पुन्हा ठेवण्यापर्यंत सगळे स्वतःच्या हाताने करू द्यावे, आणि आपण त्या वेळी खोलीबाहेर थांबावे. ती अडली, तर कोठे अडली ते विचारून तेवढी गोष्ट त्याच दिवशी दुरुस्त करावी.