गल्लीतले लाइट लागले की रेडिओ खरखरतो? खांबाला शिव्या द्यायच्या आधी हे करा

दिवेलागणीला रस्त्यावरचे एलईडी लागले आणि त्याच मिनिटाला वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर घर्रर्र सुरू झालं, असं असेल तर संशय बरोबर आहे, पण दोषी बहुतेक वेळा तो दिवा नसतो, त्याच्या फिटिंगमधला ड्रायव्हर असतो. २३० व्होल्ट एसीची डीसी करताना तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा सगळा कचरा मीडियम वेव्हवर येऊन पडतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये तो अडवायला फिल्टर असतो, स्वस्तातल्या मालात पैसे वाचवायला आधी तोच उडवतात. वर खांबाखांबावरून गेलेली तार आयतीच अँटेना. एफएमला एवढा त्रास होत नाही म्हणून तरुण पोरांना हे कळतच नाही, मरतात आमच्यासारखे आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावून बसणारे.

पहिलं काम, रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मी आठवडाभर समोरच्या खांबाकडे डोळे वटारून बघत होतो आणि निघाला काय तर देवघरातला साठ रुपयांचा बल्ब, बायको अजून हसते. मोबाइलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एकेक करून लावून बघा.

मेन पाडूनही आवाज तसाच असेल तर चार दिवस वेळ लिहून ठेवा, गल्लीतले लाइट कधी लागले आणि खरखर कधी सुरू झाली. दिवसाढवळ्या पण येत असेल तर ते लाइट नव्हेच, विजेच्या तारेचा सैल क्लॅम्प किंवा धूळ बसलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकत असेल. ती खरखर तडतड असते, सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत वाढते आणि चांगला पाऊस झाला की बऱ्याचदा गप्प होते. ड्रायव्हरचा आवाज मात्र एकसारखा, मधमाशांसारखा गुणगुणता.

आता खांब शोधायचा. इथे सगळे फसतात, कारण आवाज तारेवरून लांब जातो, त्यामुळे तारेखाली उभं राहिलात की प्रत्येकच खांब गुन्हेगार वाटतो. युक्ती अशी की लांब असताना रेडिओचा काटा ६०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा, जवळ येत गेलात की १६०० कडे सरकवत न्या, वरची फ्रिक्वेन्सी तारेवर फार लांब टिकत नाही म्हणून जिथे ती पण जोरात वाजते तिथेच खरा खांब. मोकळ्या जागेत रेडिओ आडवा धरून गोल फिरवा, आतल्या काळ्या दांड्याचं (तीच मीडियम वेव्हची अँटेना) टोक आवाजाच्या दिशेला आलं की खरखर कमी होते. लुकलुकणारा दिवा असेल तर आधी तोच तपासा, मरायला टेकलेला ड्रायव्हर जास्त बोंबलतो. आणि खांबाला हात लावायचा नाही बे, चढायचं तर अजिबात नाही.

मग तक्रार. रस्त्यावरच्या दिव्यांचं काम महापालिकेच्या विद्युत विभागाचं. "रेडिओ लागत नाही" एवढंच लिहिलंत तर बाजूला पडेल, म्हणून खांबावर रंगवलेला नंबर, लाइट लागायची वेळ आणि मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग (लाइट लागायच्या आधीचं एक मिनिट, नंतरचं एक मिनिट) असं द्या आणि ड्रायव्हर बदलून द्या असं स्पष्ट मागा. परवाना असलेले हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, असाल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे पण लिहिता येतं.

तोपर्यंत रेडिओ रस्त्याकडच्या खिडकीतून उचला आणि मागच्या खोलीत न्या, वायरिंगपासून लांब, सेलवर. अडॅप्टरवरच चालवायचा असेल तर त्याच्या वायरचे चार-पाच वेढे फेराइटच्या कड्यातून घ्या, जुन्या मॉनिटरच्या केबलवर जो काळा गोटा असायचा तोच, भंगारवाल्याकडे मिळून जातो.