नाताळातली डॅन्यूब नदीवरची जहाज सफर: तयारीची यादी, पण आधी गोळ्या

आधी गोळ्या. घरातल्या प्रत्येकाची रोजची औषधं विमानात हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत एकही स्ट्रिप नको. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका.

मागच्या वेळी आम्ही पाच जण व्हिएन्नाला उतरलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. पट्ट्यावरून चार बॅगा आल्या, सासूबाईंची आलीच नाही. त्यांच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या तिच्यातच होत्या, कारण ती बॅग मी भरली होती. त्याच रात्री जहाज सुटलं. सकाळी क्रेम्स हे नदीकाठचं गाव, तारीख 24 डिसेंबर. ऑस्ट्रियात त्या दिवशी दुपारपर्यंत दुकानं बंद होतात, आणि 25, 26 या दोन्ही सुट्ट्या. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या मोबाइलवर मोठी करून पाहिली, गोळीच्या नावावर बोट ठेवलं आणि मान हलवली. आपल्याकडची कंपनीची नावं तिकडे कुणाला ठाऊक नसतात. शिवाय बीपीची गोळी तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पुण्याला फोन करून औषधाचं मूळ नाव विचारलं, गावात एक डॉक्टर शोधला, त्याने लिहून दिलं, आणि शटर पडायच्या आधी गोळ्या हातात आल्या. तोवर सासूबाई एका बाकावर स्वेटरच्या बाह्यांत हात घालून बसल्या होत्या, एक शब्द न बोलता. ते मला अजून दिसतं.

म्हणून डॉक्टरांकडून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या. त्यात औषधाचं मूळ नाव (जेनेरिक), किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे इंग्रजीत हवं. दोन प्रती वेगवेगळ्या माणसांकडे द्या, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. गोळ्या डबीत काढू नका, स्ट्रिपमध्येच राहू द्या. जितके दिवस जाणार त्यापेक्षा आठवड्याच्या जास्त न्या. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं, त्यामुळे तेही हातातच. हिवाळ्यात व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा गोळीची वेळ कशी सरकवायची तेही विचारून घ्या. नदीवरच्या जहाजांवर सहसा डॉक्टर नसतो. ऑस्ट्रियात बंद औषध दुकानाच्या दारावर त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं, आणि 1455 वर फोन केला तरी सांगतात. आणीबाणीत 112.

आता व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि डिसेंबरच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, त्यामुळे सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका. बुडापेस्ट ते जर्मनीतलं पासाउ म्हणजे चार देश: हंगेरी, स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया आणि जर्मनी. ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिराल तिथे. जहाज कंपनीकडून रोजच्या मुक्कामाचं पत्र मागून घ्या. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45. किमान 30,000 युरोचा विमा लागतोच. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, मध्ये तीन तास ठेवा. आमची बॅग अशाच धावपळीत मागे राहिली. तेव्हा गोळ्या कुठे ठेवायच्या, ते पुन्हा सांगते: हातात.

जहाज निवडताना पहिला प्रश्न मुलांचा. काही कंपन्या 18 वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. केबिन बहुतेक दोघांच्याच, तिसरी खाट क्वचित, म्हणजे पाच जणांना तीन केबिन धरून खर्च काढा. लिफ्ट अनेकदा सर्वांत खालच्या मजल्यापर्यंत जात नाही, आजी-आजोबांची केबिन वर घ्या. बाल्कनीसाठी फार जास्त पैसे मोजू नका. धक्क्यावर जहाजं एकाला एक लावून उभी करतात, पडदा सरकवला की समोर दुसऱ्या जहाजाची खिडकी. उतरतानाही त्याच शेजारच्या जहाजातून जावं लागतं. पाणी फार चढलं किंवा उतरलं तर जहाज थांबतं आणि पुढचा टप्पा बसने करतात. त्यावर भांडून उपयोग नाही.

तारखा नीट पाहा, इथे बरेच जण फसतात. न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार 24 तारखेला दुपारी संपतो. म्हणजे शाळेला सुट्टी लागल्यावर निघणाऱ्यांना जर्मनीतले बाजार बहुतेक आवरलेलेच दिसतात. व्हिएन्नात राटहाउससमोरचा (नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा) 26 पर्यंत असतो. 24 ला संध्याकाळी बुडापेस्टला असाल तर बस-ट्रॅमचा भरवसा धरू नका, जहाजावर परतण्याची सोय आधी ठरवा. अंधार चारच्या सुमारास पडतो. पाहायचं ते दुपारी तीनच्या आत.

कपडे: थर्मल, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. सासूबाई साडीच नेसतात, आतून थर्मलची पँट घातली आणि त्यांना काही त्रास झाला नाही. बूट मात्र पकड असलेलेच. दगडी गल्ल्यांवर सकाळी बर्फाचा पातळ थर असतो. हातमोजे दोन जोड, मुलं एक हरवतातच.

जेवण: ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. अंडं, मासे, मांसाचं सूप चालत नाही असं बुकिंगच्या वेळी लेखी द्या, नाताळच्या जेवणात मासा ठरलेला. बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे घरीच ठेवा. मेतकूट, चिवडा, लोणचं चालतं. बाजारात मुलांसाठी दारू नसलेलं गरम पेय मिळतं, ‘किंडरपुन्श’ म्हणा. कपाचं डिपॉझिट परत घ्यायला विसरू नका.

पैसे: हंगेरीत फोरिंट, बाकी तिन्हीकडे युरो. सुटी नाणी ठेवा. कर्मचाऱ्यांच्या टिपचे पैसे वेगळे. चार्जर, अडॅप्टर, पासपोर्टच्या प्रती, हे तुम्हाला माहीत आहे.

टॅक्सी खाली आली की हातातल्या बॅगेची चेन उघडा आणि स्ट्रिप मोजा. बीपीच्या. थायरॉइडच्याही.