जेलवर बँड येत नव्हता तेव्हा: हेपॅटायटिस सी वर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएच.डी.ला हेपॅटायटिस सी घेतला आणि पहिले दोन महिने जेलवर एकही बँड दिसला नाही, म्हणजे पीसीआरने व्हायरसच्या जीनोमचा हवा तो तुकडा वाढवून मिळतच नव्हता. नमुन्यांत व्हायरस होता, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) लाखांत होता. मी आरएनए पुन्हा काढला, एन्झाइम बदललं, तापमान एकेका अंशाने वरखाली केलं. शेवटी लॅबमधल्या एका ताईने विचारलं, "प्रायमर कुठल्या जीनोटाइपचे आहेत गं?"

प्रायमर म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, आणि जीनोटाइप म्हणजे या व्हायरसचे मोठे उपप्रकार. माझे जीनोटाइप १ चे होते, एका पेपरमधून घेतलेले. भारतात सगळ्यात जास्त आढळतो तो जीनोटाइप ३. दोघांच्या जीनोममध्ये सुमारे ३० टक्के फरक. व्हायरल लोडची चाचणी जीनोमच्या सुरुवातीचा जो तुकडा बघते तो सगळ्या जीनोटाइपमध्ये जवळपास सारखाच असतो, म्हणून ती येत होती. मला हवा होता एनएस५ए, म्हणजे डॅक्लाटास्व्हिर हे औषध ज्या प्रथिनावर काम करतं त्याचा भाग, आणि तिथे माझे प्रायमर बसतच नव्हते. जीनोटाइप ३ चे भरपूर सिक्वेन्स एकाखाली एक लावून नवे प्रायमर केले, तेव्हा बँड आला. हे काम पहिल्याच आठवड्यात करा.

या व्हायरसचा जीनोम साधारण ९,६०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं एन्झाइम चुका तपासत नाही, आणि एका रुग्णात रोज लाख कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात एक व्हायरस नसतो, थोड्याथोड्या फरकाच्या भावंडांची गर्दी असते. उपचाराला प्रतिसाद कसा मिळेल, ते या गर्दीत आधीपासून कोण बसलंय यावरही ठरतं.

इंटरफेरॉनच्या, म्हणजे गोळ्यांआधीच्या इंजेक्शनांच्या, काळात जीनोटाइप १ अवघड होता. ४८ आठवडे इंजेक्शनं घेऊनही जेमतेम निम्मे बरे व्हायचे. जीनोटाइप ३ ला २४ आठवडे पुरायचे. गोळ्या आल्या आणि चित्र पालटलं. आज सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर १२ आठवडे घेऊन बहुतेक रुग्ण बरे होतात, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत. जे राहतात त्यांत जीनोटाइप ३ आणि सिरोसिस (यकृत निबर होणं) असलेले बरेच. आपलं काम त्यांच्यासाठी आहे.

डॅक्लाटास्व्हिरला दाद न देणारा नेहमीचा बदल म्हणजे वाय९३एच: एनएस५ए च्या ९३ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल. जीनोममध्ये टीएसी चं सीएसी, एवढंच: एक अक्षर. सोफोसबुव्हिरला दाद न देणारा एस२८२टी हा बदल झालेला विषाणू नीट वाढत नाही, म्हणून तो क्वचित सापडतो. वाय९३एच तसा सहज मागे पडत नाही. (नवख्यांचा गोंधळ इथे होतो: न्यूक्लिओटाइडच्या ओळीत वाय म्हणजे सी किंवा टी, अमिनो आम्लांच्या ओळीत वाय म्हणजे टायरोसिन.)

सॉफ्टवेअरने दिलेल्या अक्षरांवर थांबू नका, क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगमधला प्रत्येक अक्षराच्या रंगीत शिखरांचा आलेख, उघडून बघा. उपचारानंतर व्हायरस परत आलेल्या एका रुग्णाचे दोन नमुने मी शेजारीशेजारी उघडले होते. आधीच्या नमुन्यात वाय९३एच च्या जागी टी चं उंच लाल शिखर होतं आणि त्याच्या पायथ्याशी सी चं छोटंसं निळं. सॉफ्टवेअरने नुसता टी लिहिला होता. नंतरच्या नमुन्यात लाल शिखर नव्हतंच, निळं एकटं उभं होतं. सिक्वेन्सिंगच्या या सँगर पद्धतीत १५-२० टक्क्यांहून कमी असलेला प्रकार धड दिसतही नाही. हा जेमतेम दिसला.

आधीचा नमुना होता म्हणून हे कळलं. वॉर्डातल्या डॉक्टरांशी पहिल्या दिवसापासून बोलून ठेवा आणि गोळ्या सुरू होण्याआधीचा प्लाझ्मा छोट्या छोट्या भागांत उणे ८० अंशांना ठेवा. तो नंतर कुठूनही मिळत नाही.