जळगावच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी
मला संधिवात आहे, पण सूज उतरली की जाऊबाई म्हणतात, "तू ते बेस दिखी ऱ्हायनी!" डॉक्टरांनाही तसंच वाटू नये म्हणून अमळनेरहून निघण्याआधी पंधरा दिवस कालनिर्णयवर लिहिते: सकाळी बोटं किती वेळ आखडली, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापता आली का. "खूप दुखतं" यापेक्षा "दीड तास मूठ वळत नाही" हे कामाचं. सूज दिसली की लगेच मोबाइलवर फोटो. तपासणीच्या दिवशी ती हमखास गायब. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट तारखेनुसार. गोळ्यांची पाकिटंच सोबत. संधिवाताची मेथोट्रेक्झेट गोळी आठवड्यातून एकदाच, हे त्यावर ठळक लिहिलेलं. कुणी दिलेला काढा घेत असाल तर तोही सांगा, लाजू नका. महत्त्वाचा प्रश्न पहिला विचारा; तिसऱ्यापर्यंत पुढचा पेशंट दार ढकलतोच.