घरच्या घरी डायनरचा नाश्ता: तयारी शुक्रवार रात्रीपासून

दोन अंडी, बटाटा, बेकन, टोस्ट, पॅनकेक आणि रिकामा झाला की पुन्हा भरला जाणारा कॉफीचा मग. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कुठल्याही डायनरमध्ये, म्हणजे साध्या खाणावळीत, हे ताट बघता बघता समोर येतं. घरी करायला घेतलं की पॅनकेक होईस्तोवर अंडी गार झालेली असतात आणि टोस्ट वातड. यातला एकही पदार्थ अवघड नाही, सगळे एका वेळी गरम ताटात पडणं तेवढं अवघड. डायनरची सुरुवात म्हणून ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या वॉल्टर स्कॉटचं नाव घेतात. १८७२ साली तो घोड्याच्या गाडीतून वर्तमानपत्राच्या रात्रपाळीवाल्यांना खाणं विकत असे. पुढे रेल्वेच्या डब्यासारखे लांबट, अरुंद डायनर कारखान्यात बनून येऊ लागले. तसे कारखाने न्यू जर्सीतही होते. तेवढ्या चिंचोळ्या जागेत आचाऱ्याला फिरायला वावच नसे, त्यामुळे उकडणं-चिरणं आधी उरकून सगळं हाताशी ठेवावं लागे. आपल्यालाही तेच करायचंय.

पहिलं काम, खाणारे कोण ते ठरवा. पुढचा हिशेब चार माणसांचा आहे. भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे आले असतील आणि ते मांस खात नसतील, तर हा नाश्ता बाहेर खाण्यापेक्षा घरी केलेलाच बरा. डायनरमध्ये बेकन, अंडी आणि पॅनकेक बहुतेक वेळा एकाच मोठ्या सपाट तव्यावर होतात आणि ही मंडळी ज्यूस पिऊन घरी येतात. म्हणून आपल्याकडे बेकन ओव्हनमध्ये आणि गॅसवर फक्त बटर-तेल, हा नियम. अंडंही चालत नसेल तर पॅनकेकमधून वगळा आणि ताक थोडं वाढवा. जरा नाजूक होतात, उलटताना सांभाळून.

सामान शुक्रवारी संध्याकाळी आणा. मध्यम आकाराचे चार-पाच रसेट बटाटे, शक्यतो सारख्या आकाराचे. डझनभर अंडी, बटर, ब्रेड (राय या धान्याचा मिळाला तर छान), बेकनचं पाकीट, बटरमिल्क. हे दुकानातलं बटरमिल्क आपल्या ताकाहून बरंच घट्ट असतं. ते नको असेल तर तीन वाट्या दह्यात एक वाटी दूध घालून घुसळा, काम भागतं. सिरप घेताना बाटलीमागची चिठ्ठी वाचा. खऱ्या मेपलच्या एका लिटरला झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागतो, महाग असायचंच. बऱ्याच डायनरमध्ये मिळतं ते कॉर्न सिरपचं. चव अगदी तीच हवी असेल तर तेच आणा, त्यात कमीपणा काही नाही. कॉफीचे कागदी फिल्टर घरात आहेत का तेही बघा, नेमके सकाळीच संपलेले असतात.

रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं काम बटाट्याचं, बाकी काही राहिलं तरी हे राहू देऊ नका. बटाटे सालासकट मिठाच्या पाण्यात उघड्या पातेल्यात उकडायचे. कुकर काढू नका, रसेट पिठूळ असतो, शिट्टीत त्याचा लगदा होतो. सुरी टोचल्यावर मध्यभागी किंचित अडली की गॅस बंद. निथळून, वाफ जाऊ देऊन फ्रिजमध्ये. रात्रभर गारठलेला बटाटा सकाळी मोठ्या भोकांच्या किसणीवर सुटा किसला जातो आणि चिकट होत नाही. कच्चा किसून, धुऊन, फडक्यात पिळून करणारेही आहेत, पण शनिवारी सकाळी एवढी खटपट कोण करणार? आमच्या भागातल्या डायनरमध्ये तर किसापेक्षा होम फ्राइज जास्त दिसतात: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, कांदा, सिमला मिरची, वर पॅप्रिका. त्यालाही हेच आदल्या रात्रीचे बटाटे लागतात.

बटाटे उकडताहेत तोवर पॅनकेकचं कोरडं मिश्रण करून झाकून ठेवा: दोन कप मैदा म्हणजे साधारण २५० ग्रॅम, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर. बेकिंग पावडर जुनी असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहा, फसफसली नाही तर कचऱ्यात टाका. ओलं मात्र रात्री अजिबात मिसळायचं नाही, कारण ताकातलं आम्ल भेटलं की सोडा लगेच कामाला लागतो आणि सकाळपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. अंडी कुणाला कशी हवीत तेही आताच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा: पिवळं वर दिसणारं सनी साइड अप, हलकेच उलटलेलं ओव्हर इझी, पूर्ण शिजलेलं ओव्हर हार्ड, की स्क्रॅम्बल्ड. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं यांच्यासाठी पिवळं पक्कं शिजवलेलंच बरं.

सकाळी नऊला खायचं असेल तर आठला ओव्हन ४०० अंश फॅरनहाइटवर लावा. कडा असलेल्या ट्रेवर फॉइल, त्यावर बेकन एकेरी पसरून, पंधरा ते वीस मिनिटं. खिडकी आणि एक्झॉस्ट आधीच उघडा, नाहीतर स्मोक अलार्म अख्ख्या घराला उठवेल. बेकन निघालं की ओव्हनचं दार मिनिटभर उघडं टाकून तापमान २०० वर आणा आणि ताटल्या आत सरकवा. गार ताटलीत अंडं दोन मिनिटंसुद्धा तग धरत नाही.

सव्वाआठला बिडाचा तवा मध्यम आचेवर. तेल आणि बटर दोन्ही घाला, नुसतं बटर करपतं. बटाट्याचा कीस बोटभर जाडीचा पसरा, मीठ-मिरपूड टाका आणि हात मागे घ्या. उलथण्याने सारखं दाबायचं-ढवळायचं नाही. आठ-दहा मिनिटांनी कडा तांबूस दिसतात, उलथणं खाली घातलं की थर सबंध सरकतो आणि खरखर ऐकू येते. तेव्हा उलटा. चिकटतंय असं वाटलं तर अजून दोन मिनिटं थांबा, कुरकुरीत झालं की ते आपणच सुटतं. दुसरी बाजू झाली की तेही ओव्हनमध्ये.

बटाटा तव्यावर असतानाच दोन कप बटरमिल्क, दोन अंडी आणि तीन-चार मोठे चमचे वितळलेलं बटर कोरड्या मिश्रणात ओता. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. इडलीच्या पिठासारखं एकजीव करायला गेलात तर पॅनकेक चिवट होतात. दहा मिनिटं झाकून ठेवा. साडेआठला दुसऱ्या तव्यावर पाव कपाचा एकेक डाव टाका. वर बुडबुडे फुटून भोकं तशीच उघडी राहिली की उलटा, एकदाच. पहिला डागाळलेला निघतो, तो करणाऱ्याने उभ्याउभ्या खायचा.

पावणेनऊला कॉफी. मशीनवरचा कप बहुधा पाच औंसांचा असतो, म्हणून ‘बारा कप’वाल्या मशीनमधून जेमतेम सात-साडेसात मग निघतात. लिटरला ५५ ते ६० ग्रॅम मध्यम दळलेली पूड घाला. दूध किंवा हाफ अँड हाफ (निम्मं दूध, निम्मं क्रीम), केचप, हॉट सॉस टेबलावर, सिरपची बाटली गरम पाण्यात उभी. टोस्टरचा खटका शेवटच्या पाच मिनिटांत दाबा आणि टोस्ट गरम असतानाच बटर लावा.

अंडी सगळ्यात शेवटी, मंडळी खुर्चीत बसल्यावरच. लहान नॉनस्टिक पॅन, मंद आच, एका वेळी दोनच, झालं की थेट ताटात.

उरलेले पॅनकेक मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये जातात, उरलेलं पीठ मात्र ठेवू नका, ते बसतं. बटाटा उरला तर संध्याकाळी फोडणी. बेकनचं तूप सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. फॉइलवरच गोठू द्या आणि गुंडाळून कचऱ्यात टाका.