सर्दीमध्ये लिंबू-आल्याचे गरम पेय कसे करावे

लिंबाने सर्दी बरी होत नाही. ती विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा 7 ते 10 दिवसांत आपोआप ओसरते. तरीही हा घरगुती उपाय टिकून आहे, कारण ऊन पेयाने घशाची खवखव शमते, आंबटपणाने लाळ सुटून घसा ओलसर राहतो आणि तोंडाची चव गेलेल्या माणसाच्या पोटात एरवीपेक्षा थोडे अधिक पाणी जाते.

एका व्यक्तीसाठी बोटाच्या पेराएवढे आले ठेचून कपभर पाण्यात घालावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर 5 ते 7 मिनिटे उकळू द्यावे. सालीचा स्वाद हवा असल्यास धुतलेल्या लिंबाची केवळ वरची रंगीत साल पातळ काढून ती गॅस बंद करताना टाकावी. तिच्यातील सुगंधी तेल उकळताना वाफेबरोबर उडून जाते, आणि आतला पांढरा भाग आला तर पेय कडवट होते. पेय गाळून सहज पिण्याइतके निवले की मगच त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळावा व चमचाभर मध ढवळावा.

रस शेवटी घालण्याचे कारण ‘क’ जीवनसत्त्व टिकावे असे सांगितले जाते. उष्णतेने ते काही प्रमाणात नष्ट होते हे खरे. पण 100 ग्रॅम रसातच ते सुमारे 40 मिलिग्रॅम असते, म्हणजे अर्ध्या लिंबातून जेमतेम 6 ते 8 मिलिग्रॅम मिळते. शिवाय सर्दी झाल्यानंतर ते घेण्यास सुरुवात केल्याने ठळक फायदा दिसून आलेला नाही. माझ्या मते रस शेवटी पिळावा तो ताज्या चवीसाठी. खोकल्याला आराम पडतो त्याचे श्रेय लिंबापेक्षा मधालाच अधिक द्यावे लागेल.

मात्र एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रस कमी घ्यावा. लिंबातील आम्लाने दातांचे आवरण झिजते, म्हणून पेय प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास ब्रश करू नये. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप तीन दिवसांहून अधिक टिकला असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.